वसुलीवाल्याशी सेटलमेंट: फोनवरचं ‘मिटवून टाकू’ कागदावर कसं आणायचं

महिनाअखेरचा शनिवार. भाच्याचा फोन आला, आवाज दबका. “मामा, तो वसुलीवाला म्हणतोय क्रेडिट कार्डाचं १ लाख ८० हजारांचं देणं ६० हजारांत मिटवून देतो. पण संध्याकाळी सहाच्या आत. नंतर सिस्टीम बंद होते म्हणे. भरू का?”

“कुठे भरायचे?”

“त्याने नंबर दिलाय. जीपे करायचं.”

त्याला म्हटलं, एक पैसाही भरू नकोस, फक्त पत्र माग. भाच्याने पत्र मागितलं. समोरचा आधी गोड बोलला, मग चिडला, मग म्हणाला, “आधी पैसे, मग पत्र, आमची अशीच प्रोसेस आहे.” सहा वाजून गेले. पुढच्या गुरुवारी त्याच माणसाचा त्याच ऑफरसाठी पुन्हा फोन!

मी बँकेत होतो, त्यातली काही वर्षं थकीत कर्जांच्या टेबलावर. माणूस पैसे भरल्याची शपथ घेतोय आणि खात्यात कर्ज तसंच उभं आहे, हा प्रसंग तिथे इतक्यांदा पाहिला की आता कुणी ‘सेटलमेंट’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न ‘कितीला?’ नसतो, ‘कुणाच्या सहीने?’ असतो.

फोनवरचा माणूस नक्की कोण असतो

दोन शक्यता असतात. बहुतेक वेळा तो बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कामाला लावलेल्या एजन्सीचा माणूस असतो. कर्ज बँकेचंच असतं, एजन्सीला वसुलीवर कमिशन मिळतं. दुसरी शक्यता म्हणजे बँकेने तुमचं कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला, विकून टाकलेलं असतं. मग मालक बदललेला असतो आणि तडजोडीचा अधिकार त्या नव्या मालकाकडे जातो. म्हणून पहिल्याच फोनवर शांतपणे विचारावं: तुम्ही कुठल्या एजन्सीचे, कुणाच्या वतीने बोलताय, कर्ज बँकेकडे आहे की विकलंय, आणि विकलं असेल तर त्याचं पत्र कुठे आहे. खरा माणूस उत्तर देतो, थोडा वैतागून का होईना.

दोन्ही बाबतींत एक गोष्ट सारखीच. फोनवरच्या माणसाला तुमचा एक रुपयाही माफ करण्याचा अधिकार नसतो. तो फक्त प्रस्ताव वर पाठवतो. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला तडजोडीबद्दल परिपत्रक काढलं. त्यानुसार प्रत्येक संस्थेकडे संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं, आणि तडजोडीला मंजुरी देणारा अधिकारी कर्ज मंजुरीचा अधिकार असलेल्यापेक्षा किमान एक पायरी वरचा असावा लागतो. आता विचार करा, इतक्या वरची सही लागणारी गोष्ट एजन्सीचा पोरगा सहाच्या आत जीपेवर कशी काय उरकणार?

मग घाई कसली? महिनाअखेरच्या टार्गेटची. थकीत खाती किती दिवस थकली यावरून ‘बकेट’मध्ये टाकलेली असतात आणि प्रत्येक बकेटचं महिन्याचं टार्गेट असतं. ३० तारखेला येणाऱ्या पैशाची किंमत त्याच्यासाठी २ तारखेपेक्षा जास्त असते. तुमच्यासाठी नसते. उलट ही घाई तुमच्या कामाची आहे: महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्याहून जास्त मार्चअखेरीस, पत्रं भराभर सुटतात.

आधी देणं किती ते बघा

भाच्याला १ लाख ८० हजार हा आकडा कुठून आला ते सांगता येईना. कुणालाच येत नाही. बँकेला ईमेल करून खात्याचा पूर्ण उतारा मागवला, तेव्हा कळलं की खरेदीचे मूळ पैसे १ लाख १२ हजार होते, बाकी व्याज, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी. ही फोड हातात आल्याशिवाय बोलणी सुरू करू नयेत, कारण बँक ज्यावर सहज पाणी सोडते ते मुद्दल नव्हे, वरचा हा थर. वैयक्तिक किंवा इतर कर्ज असेल तर दंडाची रक्कमही नीट पाहा. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. क्रेडिट कार्डाला हा नियम लागू नाही, पण कार्डांच्या वेगळ्या नियमांतही न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला मनाई आहे.

कर्ज जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघायची, आणि ती तोंड उघडण्याआधी. बिनतारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्याने साधारण ३ वर्षं दिलेली आहेत. मुदत गेली म्हणून देणं नाहीसं होत नाही, सिबिलच्या अहवालातून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीतून, पुसलंही जात नाही, पण कोर्टातला दावा लंगडा पडतो. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं कबूल केलंत तर ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. ईमेलसुद्धा अशी कबुली ठरू शकते. ‘चांगल्या मनाने ५०० रुपये तरी टोकन भरा आणि दोन ओळी लिहून द्या’ असा आग्रह जुन्या खात्यांवर का होतो, ते यावरून लक्षात येईल. मी देणं बुडवा असं सांगत नाहीये. पाच-सहा वर्षांपूर्वीचं प्रकरण असेल तर काहीही लिहून देण्याआधी वकिलाला एकदा कागद दाखवा, एवढंच.

सेटलमेंट करावी का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळे थेट ‘कितीला?’वर उडी मारतात. सेटलमेंट म्हणजे बँकेने नुकसान सोसलं, आणि ती गोष्ट क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ या शब्दाने लिहिली जाते. पूर्ण फेडलं की ‘क्लोज्ड’ येतं. वर्षानुवर्षं अहवालात राहणारा ‘सेटल्ड’ हा शब्द गृहकर्जाच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पहिला भरतो. तेव्हा नोकरी चालू आहे, दोन-तीनच हप्ते चुकलेत, वर्षभरात घर घ्यायचं डोक्यात आहे, अशा माणसाने सेटलमेंटच्या वाटेला जाऊ नये. त्याने मुदत वाढवून हप्ता कमी करून मागावा किंवा कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून घ्यावी.

नोकरी गेलीय, आजारपणाने घर पोखरलंय, खातं ९० दिवसांपुढे थकून एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, झालंय आणि अहवाल आधीच खराब आहे, अशा वेळी मात्र सेटलमेंट हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. भाच्याची सात महिने नोकरी नव्हती, नवी मिळाली ती कमी पगाराची. ताईच्या भिशीचे ७० हजार लागले होते. तेवढ्यातच बसवायचं ठरलं. सेटलमेंटसाठी नवं कर्ज काढायचं नाही, ही अट मीच घातली. ॲपवरून कर्ज काढून कार्ड मिटवणारे लोक पाहिलेत मी.

याच टप्प्यावर ‘आम्ही तुमची सेटलमेंट करून देतो, ईएमआय बंद करा, आमची फी आधी भरा’ म्हणणारे भेटतात. यांच्यापैकी काही खरोखर पत्रव्यवहार करून देतात. पण जे पत्र तुम्ही स्वतः एका ईमेलवर मागू शकता त्यासाठी आधीच फी का मोजायची, हे मला कळलेलं नाही.

बोलणी

बोलणी फोनवर होऊ द्या, पण प्रत्येक फोननंतर बँकेच्या अधिकृत ईमेलवर दोन ओळी टाका: अमुक तारखेला अमुक एजन्सीच्या माणसाने इतक्या रकमेचा प्रस्ताव सांगितला, तो लेखी द्यावा. यातून दोन गोष्टी साधतात. नोंद राहते, आणि एजन्सीला वळसा घालून तुमची अडचण बँकेच्या टेबलावर पोचते. भाच्याने पहिल्या ईमेलला नोकरी गेल्याचं पत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं. रडगाणं नको, कागद हवेत. वर मंजुरी मागणाऱ्या अधिकाऱ्यालाही फाइलला जोडायला काहीतरी लागतं.

हातात ७० आहेत हे सांगायचं नसतं. त्याने ४५ पासून सुरुवात केली. एजन्सी, जी त्या शनिवारी ६० म्हणत होती, ती आता ९० वर गेली! तो घाबरला. मी म्हटलं, याचाच अर्थ ६० ला कुणाची मंजुरी नव्हती. तीन आठवडे ‘एवढेच आहेत, एकरकमी आहेत, पत्र मिळालं की चार दिवसांत भरतो’ हे एकच वाक्य तो बोलत राहिला. ‘एकरकमी’ या शब्दाला वजन असतं. वरच्याच परिपत्रकाप्रमाणे तडजोडीची रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ दिला तर ते प्रकरण पुनर्रचना, म्हणजे अटी बदलून चालू ठेवलेलं कर्ज, धरलं जातं, त्यामुळे बँका लांबलचक हप्ते द्यायला नाखूश असतात. शेवटी आकडा ६८ हजारांवर थांबला. शनिवारच्या ६० पेक्षा ८ हजार जास्त, पण या ६८ च्या मागे सही होती.

एक जपायची गोष्ट: ज्या बँकेचं कार्ड थकलंय तिथेच पगार जमा होत असेल, तर बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते. सेटलमेंटचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवावेत.

पत्र वाचायचं कसं

भाच्याला आलेलं पहिलं पत्र दिसायला अगदी रीतसर होतं. लेटरहेड, कार्डाचे शेवटचे चार आकडे, ६८ हजार, तारीख. त्याने आनंदाने मला पाठवलं. मधली एक ओळ अशी होती, मराठीत सांगायचं तर: ‘सदर रक्कम प्राप्त झाल्यावर ती आपल्या थकबाकीत समायोजित केली जाईल.’ म्हणजे काय? म्हणजे १ लाख ८० हजारांतून ६८ वजा, बाकी देणं शिल्लक. हे सेटलमेंटचं पत्र नव्हतंच, पार्ट पेमेंटची पोच होती. परत पाठवलं. दुसऱ्या पत्रात वाक्य आलं: ‘वरील रक्कम दिलेल्या तारखेपर्यंत भरल्यास सदर खात्यावरील सर्व देणं पूर्ण व अंतिमरीत्या चुकतं झालं असं समजलं जाईल आणि बँकेची आपल्याकडे कोणतीही बाकी राहणार नाही.’ ‘फुल अँड फायनल’ हे शब्द आणि ‘बाकी राहणार नाही’ हा अर्थ, या दोन गोष्टी नसतील तर पत्राला रद्दीची किंमत.

त्याशिवाय पाहायचं ते असं. पत्र कर्जाच्या मालकाचं हवं, एजन्सीच्या लेटरहेडवरचं चालत नाही. खाते क्रमांक पूर्ण जुळायला हवा. एकाच बँकेची दोन कर्जं असतील तर कुठलं मिटतंय ते स्पष्ट हवं. कोर्टात किंवा लवादापुढे प्रकरण चालू असेल तर ते मागे घेण्याचा उल्लेख हवा. आणि जामीनदार असेल तर त्याचं नाव घालून तोही मोकळा झाल्याचं लिहून घ्या. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला मेव्हणा नाहीतर ऑफिसातला सहकारी जामीन असतो. कर्जदार सेटल होऊन सुटतो आणि दोन वर्षांनी नोटीस मेव्हण्याच्या दारात, असं झालं की नातं तुटतं.

तारखेला हलकं घेऊ नका. बहुतेक पत्रांत अट असते की एक दिवस जरी चुकला तर ऑफर रद्द आणि भरलेले पैसे थकबाकीत जमा. भिशी, पीएफ, गावाकडच्या सोयाबीनचे पैसे, जे काही येणार असेल ते आल्यावरचीच तारीख घ्या. हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक मागितले तर दोनदा विचार करा. नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस येत नाहीत, फोनवर कितीही ‘वॉरंट निघालंय’ म्हटलं तरी. चेक बाउन्स झाला की मात्र कलम १३८ लागू शकतं, आणि ते फौजदारी आहे.

पत्र खरं आहे की बनावट हे तपासायला पत्रावरचा फोन नंबर वापरू नका. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या ॲपमध्ये असलेल्या नंबरवर फोन करा, किंवा सरळ शाखेत जा आणि हे पत्र तुमचंच का ते विचारा. तुमचं नाव, कर्जाचा नंबर, थकबाकी हे सगळं बरोबर सांगतोय म्हणून माणूस खरा ठरत नाही, ही माहिती बाजारात फिरते. पैसे जायचे ते कर्ज खात्यातच: बँकेच्या ॲपमधून, शाखेच्या काउंटरवर, किंवा पत्रात छापलेल्या आणि तुम्ही पडताळलेल्या खात्यावर. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही, रोख तर नाहीच. चुकून गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवा.

धमक्या आणि तक्रार

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला ही वेळ आणखी आखूड, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ, नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करून बदनामी, धमकीचे मेसेज हे सगळं मनाई असलेलं आहे. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. ते मागा, फोटो काढा.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन, फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. पण लोकपाल तुम्हाला सेटलमेंट मिळवून देत नाही. किती माफ करायचं हा बँकेचा धंद्याचा निर्णय. छळ, चुकीची नोंद, पैसे भरून न मिळालेलं पत्र, यासाठी तो आहे.

पतसंस्थेचं गणित वेगळं. तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही, सहकार खातं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो, आणि मग संस्थेचा वसुली अधिकारी थेट जप्तीपर्यंत जाऊ शकतो. १०१ ची नोटीस आली तर ती फ्रिजवर ठेवून विसरायची नाही. हजर राहून आकड्यांना हरकत घ्यायची आणि एकरकमी परतफेडीचा अर्ज तिथेच द्यायचा.

लोक अदालतीची नोटीस आली की लोक घाबरतात, खरं तर ती बरी जागा आहे. कोर्ट फी नाही, समोर बँकेचा अधिकारी बसलेला असतो, आणि झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा पक्का, त्यावर अपील नाही. तडजोड मान्य नसेल तर नाही म्हणता येतं, म्हणून केस हरली असं होत नाही. फक्त झेपेल तोच आकडा मान्य करा. तिथला शब्द मोडला तर बँकेला नव्याने दावा लावावा लागत नाही.

पैसे भरल्यानंतर

भाच्याने ६८ हजार बँकेच्या ॲपमधून भरले, यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या नंबरचा स्क्रीनशॉट घेतला आणि विषय संपला असं समजून कोल्हापूरला फिरायला गेला. विषय संपला नव्हता. नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र मागावं लागलं, दोनदा. कर्ज असेल तर ईएमआयचं ऑटो डेबिट बंद करून घ्यायचं, दिलेले चेक परत घ्यायचे. घर किंवा गाडी तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं आणि बोजा उतरवणं बंधनकारक आहे. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा नियम.

मग क्रेडिट अहवाल. सिबिलसारख्या आणखी तीन कंपन्या आहेत, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि चारही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. महिना-दीड महिन्याने पाहा. थकबाकी शून्य दिसत नसेल तर तिथेच ऑनलाइन दुरुस्ती मागा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. ‘सेटल्ड’ शब्द नको असेल तर पुढे हातात पैसे आल्यावर माफ झालेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून द्याल का, असं बँकेला विचारता येतं. भाचा म्हणतो दोन वर्षांनी बघू.

मंजुरीचं पत्र, यूटीआर आणि नो ड्यूज हे तीन कागद ताईने एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलेत. परवा एका नव्या एजन्सीचा फोन आला, त्याच कार्डाचे १ लाख १२ हजार बाकी आहेत म्हणून. भाच्याने त्यांचा ईमेल मागून घेतला, तीन पीडीएफ पाठवल्या, एक प्रत बँकेला टाकली आणि जेवायला बसला.